एक्केचाळीस नंबरच्या सात पेशी

९ जानेवारी

आजपासून लिहायला घेते आहे. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. पुढे कुणी म्हणायला नको की बाई तेव्हा असं म्हणाल्या होत्या आणि आता तसं म्हणतात.

एकतीस वर्षं मी या हॉस्पिटलात पेशी पाहते आहे. लोकांच्या पोटातलं पाणी, छातीतलं पाणी, गाठीतून सुईने ओढलेला थेंब, सगळं माझ्या मायक्रोस्कोपखाली येतं आणि मी सांगते, यात कॅन्सर आहे, यात नाही. शेऱ्याखाली माझी सही असते, रिपोर्टखाली मोठ्या डॉक्टरांची. पण आधी ते माझा शेरा वाचतात, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तो खोडल्याचं मला आठवत नाही. ही फुशारकी नाही. म्हणजे, थोडी आहे. वही माझीच आहे, चालेल.

आज त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "एक यंत्र येतंय. छोटंसं आहे. छातीतल्या पाण्यातल्या पेशी ते पकडतं, त्यांचे फोटो काढतं आणि मग त्याच पेशींची जनुकं तपासतं. तुम्ही जे पाणी पाहाल तेच तेही पाहील. साठ नमुने. त्याचा निकाल तुम्हाला कळणार नाही, तुमचा त्याला. पाकिटं शेवटी एकदम उघडायची."

"म्हणजे माझ्या जागी आणताय."

"म्हणजे ताडून पाहायला तुमच्याखेरीज कुणी नाही."

गोड बोलतात. माझी दोन वर्षं उरली आहेत. मला भीती वगैरे वाटत नाही. तारीखवार लिहून ठेवलेलं बरं, एवढंच.

१३ जानेवारी

चौदा नंबरच्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या हलवल्या, भिंतीला रंग दिला आणि त्यात यंत्रवाली मुलगी येऊन बसली. इंजिनियर आहे. लांब हात, लांब मान, केसांत पेन्सिल खोचलेली. मी दारातून डोकावले तर म्हणाली, "या ना मावशी."

हॉस्पिटलात मावशी म्हणजे कोण, हे तिला ठाऊक नसणार. मी शांतपणे सांगितलं, "इथे मावशी म्हटलं की फरशी पुसणाऱ्या बाई वळून बघतात. मला बाई म्हण."

"शाळेतल्या बाईंसारखं?"

"तसंच."

तेव्हापासून प्रत्येक वाक्याच्या आधी आणि नंतर बाई. कान किटले.

१६ जानेवारी

शत्रूचं दर्शन झालं. यंत्र म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी पारदर्शक चिप. तिच्यात केसाहूनही बारीक नळ्या कोरल्या आहेत. एका तोंडाने छातीतलं पाणी सोडायचं. आत बारीक बारीक खांबांची रांग आहे, त्यातून रक्तपेशी निसटून जातात आणि मोठ्या पेशी अडकतात. मग एकेक पेशी एकेका खोलीत जाऊन बसते. खोल्यांना नंबर आहेत. पेशी रंगवून तिचा फोटो काढायचा, मग दुसऱ्या तोंडाने एक द्रव सोडून ती फोडायची आणि आतला ऐवज पुढच्या खान्यात तापवून तपासायचा. त्या पेशीच्या जनुकात ठरावीक बिघाड असेल तर पडद्यावर तिच्या खोलीवर लाल ठिपका येतो.

"म्हणजे जी पाहिली तीच तपासली," ती म्हणाली. "नाहीतर फोटो एकीचा आणि चाचणी भलतीचीच, असं होतं."

कल्पना वाईट नाही. तिला तसं म्हटलं नाही.

२१ जानेवारी

आज नळीत हवेचा बुडबुडा अडकला आणि चिप वाया गेली. मुलगी दिवसभर नळीवर टिचक्या मारत होती. मी तिचं नाव टिचकी ठेवलं आहे, मनातल्या मनात. सकाळपासून तीन चिपा गेल्या. मला बरं वाटलं, हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणतो तुझा शत्रू?" हे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेत, दुसऱ्यांच्या हद्दीच्या भांडणांची सवय आहे. मी बुडबुड्याचं सांगितलं. हे म्हणाले, "आणि ती पोरगी जेवली का?"

मला काय माहीत?

२२ जानेवारी

डब्यात दोन पोळ्या जास्त नेल्या. उरतात म्हणून.

३० जानेवारी

टिचकी माझ्या टेबलाशी येऊन बसते आणि एकच टकळी लावते, "बाई, हे तुम्हाला कसं कळलं?" परीक्षा घेतल्यासारखं. आज वैतागून सांगितलं. छातीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुजल्या की हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसतात, भलेभले फसतात. पण अस्तराच्या दोन पेशी शेजारी बसल्या तरी मध्ये एक बारीक खिडकी सोडतात. कॅन्सरच्या पेशी खांद्याला खांदा भिडवून बसतात, खिडकी सोडत नाहीत. हे मला माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं. पुस्तकातही असतं, पण पुस्तकातल्या खिडक्या फार मोठ्या असतात.

तिने सगळं उतरवून घेतलं. चित्रसुद्धा काढलं. माझ्याविरुद्ध वापरायचं असेल.

१९ फेब्रुवारी

आज मी एक चोरटं काम केलं.

तेविसाव्या नमुन्यात मला पेशींचे घोसच्या घोस दिसले होते, तुतीच्या फळासारखे. असा कॅन्सर नवशिकाही ओळखेल. माझा शेरा पाकिटात गेला, तिचाही गेला. पण ती काम उरकून बसली तेव्हा तिचा चेहरा इतका निवांत होता की मला शंका आली. ती खाली गेल्यावर तिने टाकून दिलेली चिप हातमोजे घालून उचलली आणि माझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवली.

सगळे घोस दारातच अडकले होते. खांबांपर्यंत एकही पोचला नव्हता. पेशी फोडायचा द्रव दुसऱ्या तोंडाने येतो, म्हणून दारातले घोस शाबूत होते. आत शिरल्या त्या चारदोन सुट्या, निरुपद्रवी पेशी. त्यांचाच फोटो, त्यांचीच चाचणी. यंत्राने बिनदिक्कत सांगितलं असणार, कॅन्सर नाही.

म्हणजे हे यंत्र एकट्यादुकट्याला पकडतं आणि टोळीला दाराबाहेर सोडून देतं.

हे मी शेवटच्या दिवशी, पाकिटं उघडताना, सगळ्यांसमोर सांगणार आहे. चिप डबीत घालून कपाटात ठेवली आहे.

२० फेब्रुवारी

राहवलं नाही. सकाळी नऊ वाजताच तिला सांगून टाकलं. ती डबी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "बाई, किती पेशींचा घोस असतो साधारण? मोठ्यात मोठा?"

मी सांगितलं. तिने केसांतली पेन्सिल काढली आणि चिपचं दार रुंद करून काढायला बसली. घोसांसाठी वेगळ्या मोठ्या खोल्या. मला विचारत होती, मी सांगत होते. दुपारचे दोन कधी वाजले कळलं नाही.

नव्या चिपचा साचा घडवायला सहा आठवडे लागणार. आणि चाचणी पहिल्या नमुन्यापासून पुन्हा.

२ मार्च

मोठे डॉक्टर म्हणाले, यंत्राला मंजुरी देणारी समिती मुदत वाढवायला तयार नाही, बहुतेक चाचणी बंद करावी लागेल.

मी त्यांना म्हणाले की हे बरोबर नाही. घोस अडकतात म्हणून यंत्र हरलं, असं झालं तर ते हरणं खरं नव्हे. पुरत्या तयारीने समोर येऊ दे. तुमच्याच्याने होत नसेल तर समितीला मी पत्र लिहिते. आणि लिहिलंही, दोन पानी. टिचकीला यातलं काही सांगायचं नाही, असं बजावून आले.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "शत्रूसाठी बरीच वकिली केलीस."

मी म्हटलं, लढत न्याय्य व्हावी म्हणून. त्यात हसण्यासारखं काय होतं?

१७ मार्च

मुदत मिळाली. चार महिने. डॉक्टर टिचकीला माझ्या पत्राविषयी बोललेले दिसतात, कारण ती दारात येऊन नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही चहा घेता का?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. चहा फार वाईट करते.

२६ एप्रिल

नवी चिप. पहिलाच नमुना आणि घोस सरळ आत गेले, रांगेने, आपापल्या खोलीत बसले. आम्ही दोघी पडद्यावर पाहत होतो. हा सरावाचा नमुना होता, म्हणून मला पाहायची परवानगी होती. खऱ्या नमुन्यांच्या वेळी पडदा चालू असेल तर मी चौदा नंबरमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे.

एकतीस वर्षांत मी पेशी पाहिल्या त्या वाळवलेल्या, काचेवर चपट्या झालेल्या. या आत गोल होत्या, हलकेच हिंदकळत होत्या. मी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

घरी सांगताना हे मध्येच म्हणाले, "आत्ता तू आपली चिप म्हणालीस."

मी म्हणाले नव्हते.

११ जून

छत्तीस नमुने झाले. काम बरं चाललं आहे. दुपारचं जेवण मी आता चौदा नंबरमध्येच घेते, पडदा बंद असतो तेव्हा. तिथे पंखा चांगला आहे.

१९ जून

नीट, क्रमाने लिहिते.

एक्केचाळिसावा नमुना सकाळी आला. अगदी थोडं पाणी, दोन चमचे. माझ्या स्लाइडवर सुजलेल्या अस्तराच्या पेशी होत्या, मध्ये खिडक्या. शेरा लिहिला : कॅन्सर नाही. मोठ्या डॉक्टरांनीही पाहून सही केली. रिपोर्ट रुग्णाकडे गेला, माझा कागद पाकिटात. एक वाजता डबा घेऊन मी चौदा नंबरमध्ये शिरले. सवयीने. दारावर तिने लाल पाटी लावली होती, ती मी पाहिलीच नाही.

पडदा चालू होता. वर लिहिलं होतं एक्केचाळीस. सात खोल्यांत सात पेशी, आणि चार खोल्यांवर लाल ठिपका.

टिचकीने उडी मारून पडदा बंद केला. दोघी उभ्याच. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही काही पाहिलं नाही. मी कुणाला सांगणार नाही."

"ठिपके चुकीचे असू शकतात?"

"असू शकतात. आधीच्या नमुन्याचा अंश राहिला तर."

"असं आजवर किती वेळा झालं?"

तिने बंद पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकदाही नाही."

मी खुर्चीत बसले. माझा शेरा नाही म्हणतो, चिप हो म्हणते. नियमाप्रमाणे पाकिटं तीन आठवड्यांनी उघडणार. टिचकी म्हणाली, "तीनच आठवडे, बाई. आत्ता बोललात तर ते म्हणतील चाचणी बाटली. सगळं बंद करतील." तिची दोन वर्षं या तिकिटाएवढ्या तुकड्यात गेली आहेत, मला काय कळत नाही?

पण तीन आठवडे तो माणूस घरी कागद घेऊन बसणार. कॅन्सर नाही असा कागद. माझ्या शेऱ्याचा.

परत जाऊन स्लाइड तासभर पाहिली, कोपरा न् कोपरा. मला काही दिसलं नाही. दिसलं असतं तर सोपं होतं. डोळे नाही म्हणत असताना त्यांच्याविरुद्ध जाऊन बोलायचं, हे मी कधी केलेलं नाही.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, "पाटी लावलेली असताना मी आत गेले. मुलीचा दोष नाही. एक्केचाळीसमध्ये चिपला चार पेशींत बिघाड सापडला आहे. माझा शेरा आहे तसा राहू दे, चूक म्हणून मोजा. पण त्या माणसाला परत बोलवा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं."

"त्याला कळलं असतं. उशिरा."

त्यांनी माझ्यासमोरच फोन उचलला.

२० जून

टिचकी माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे बाई म्हणते, पण एकदाच.

२५ जून

आज पहिल्यांदाच असं झालं की स्लाइड पाहताना मी थांबले. साधी स्लाइड. तीनदा पाहिली. शेरा लिहिला आणि पुन्हा पाहिली.

ह्यांना म्हटलं, यंत्र चुकलं असेल तर मी उगाच एका माणसाला कापायला पाठवलं. आणि यंत्र बरोबर असेल तर मी त्याला नुसतंच घरी पाठवलं होतं. हे म्हणाले, "मोजणीत आम्हीसुद्धा चुकायचो. दगड रोवून झाल्यावर कुणी जाऊन सांगायचं नाही, एवढंच." माझ्यासाठी दूध तापवलं, मला आवडत नाही तरी प्याले.

१ जुलै

त्या माणसाच्या छातीत दुर्बीण घालून तुकडा काढला होता. रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. आणि जनुकातला बिघाड तोच, चिपने दाखवलेला. या बिघाडावर गोळ्या आहेत.

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला आणि म्हणाले, "माझी चूक."

"आपली," ते म्हणाले. "सही माझी होती."

चौदा नंबरमध्ये गेले. पाटी नाही, हे दोनदा पाहून. टिचकीला कागद दिला. तिने वाचला, टेबलावर डोकं टेकलं आणि खांदे हलायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. केसांतली पेन्सिल टोचली.

मग आम्ही सातही फोटो समोर घेतले आणि शेजारी माझी जुनी स्लाइड लावली. फोटोंत लाल ठिपक्यांच्या पेशी कुठल्या हे माहीत होतं, त्यामुळे स्लाइडवर तशाच शोधायला सोपं. दोन तास लागले. ज्याला मी खिडकी समजले ती खिडकी नव्हती, फट होती. खिडकीच्या दोन्ही कडा सारख्या असतात, हिच्या नव्हत्या, एका बाजूने कुरतडल्यासारखी. दाखवल्यावर सगळ्यांनाच दिसतं, त्यात माझा मोठेपणा नाही. पण सत्तावन्नाव्या वर्षी मला पेशींमधलं एक नवीन कळलं, आणि ते आधीच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

टिचकी म्हणाली, "बाई, हे तुम्ही लिहून द्या. चित्र मी काढते."

१४ जुलै

समितीपुढे पाकिटं उघडली. लांबलचक टेबल, अकरा माणसं.

एक्केचाळीस नंबर मोजणीतून वगळला, बाटला म्हणून. चिपचं सगळ्यांत चांगलं काम नेमकं हिशेबाबाहेर गेलं. टिचकीने मान खाली घातली. उरलेल्या एकोणसाठांत माझ्या तीन चुका, चिपच्या चार. पण चुका वेगवेगळ्या. फक्त एक नमुना दोघांच्याही हातून सुटला.

अध्यक्षांनी विचारलं, नमुना वगळायची वेळ कुणामुळे आली. मी उभी राहिले. "माझ्यामुळे. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा वगळावा लागेल."

कुणी तरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "या यंत्राच्या निकालाखाली तुम्ही सही कराल?"

"एकट्या यंत्राच्या निकालाखाली नाही. एकट्या माझ्या शेऱ्याखाली मी एकतीस वर्षं केली, आता तीही करणार नाही. दोन्ही समोर ठेवा, मग करते."

मंजुरी मिळाली. अट एकच : चिपचे फोटो माणसाने पाहायचे, आणि ते पाहायला दोन नव्या मुली मी तयार करायच्या.

बाहेर आल्यावर टिचकीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. जिन्यावर भेटेल त्याला ती सांगत होती, या आमच्या बाई. मी तिला गप्प केलं नाही. नाव काढलं पोरीने. मी कोण तिची? तरी ऊर भरून आला.

८ सप्टेंबर

आज दुपारी चौदा नंबरच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, सैल पडलेला शर्ट, हातात फाइल. थोडी धाप लागली होती. म्हणाला, "मला खाली सांगितलं, माझी तपासणी इथे झाली. जूनमध्ये. एक्केचाळीस नंबर का काहीतरी."

टिचकी माझ्याकडे पाहायला लागली. मी उठून त्याला खुर्ची दिली.

गोळ्या चालू आहेत, म्हणाला. छातीतलं पाणी पुन्हा भरलेलं नाही. तीन मजले जिन्याने आलो, वाटेत एकदाच थांबलो.

मी म्हणाले, "तुम्हाला आधी जो कागद मिळाला होता, कॅन्सर नाही असा, तो माझ्या शेऱ्यावरून होता. माझी चूक झाली होती."

त्याने थोडा विचार केला. "डॉक्टर म्हणाले होते, ज्या बाईंनी चूक केली त्यांनीच परत बोलवायला लावलं. त्या तुम्हीच का?"

"मीच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि खोली पाहायला लागला. त्याला यंत्र बघायचं होतं. टिचकीने चिप तळहातावर ठेवून दाखवली. तो खाली वाकला.

"माझ्या पेशी अजून आहेत यात?"

"नाहीत," मी म्हणाले. "पाहून झाल्यावर त्या फोडाव्या लागतात."

"बरं झालं."

"फोटो आहेत. बघायचेत?"

त्याने मान हलवली. टिचकीने पडद्यावर सातही लावले. तो पुढे सरकून एकेक पाहत राहिला. मग म्हणाला, "दिसायला तर बऱ्या आहेत."

"म्हणून तर मी फसले."

तो हसला, आणि हसता हसता खोकला नाही. टिचकीने त्याला चहा विचारला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, नको म्हणा. त्याला खूण कळली नाही. त्याने सगळा कप प्यायला आणि चांगला झालाय असंही म्हणाला.

जाताना दारापर्यंत सोडायला गेले. एकतीस वर्षांत हजारो माणसांच्या पेशी पाहिल्या, पण पेशींच्या मागोमाग माणूस आलेला आज पहिल्यांदा पाहिला. लिफ्ट समोरच होती. तो जिन्याकडे वळला. मी कठड्याशी उभी राहून ऐकत होते. त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली, मध्ये कुठे थांबली नाहीत.